दहातोंडे भाऊसाहेब आणि वाखाचा पीळ

नळ कोरडे पडले त्या वर्षी नगरपालिकेने मला पाणीपट्टीतून उचलून जकातीत टाकलं. जे पाणी येतच नाही त्याची पट्टी मागत दारोदार हिंडण्यापेक्षा हे बरं, असं मला वाटलं. शेवगाव रस्त्याच्या नाक्यावर रुजू व्हायला गेलो, तेव्हा पत्र्याच्या खोलीबाहेर एक उंच, वाळकुडा माणूस भर उन्हात उभा राहून गोणीच्या फाटक्या कोपऱ्यातून धागा उपसत होता. धागा त्याने उजेडात धरला, बोटाला गुंडाळला, दाताखाली चावून पाहिला आणि थुंकला. मग गाडीवानाला म्हणाला, "अंबाडी हाय ही. ताग न्हाई. शेठला म्हनावं, कागदावर नाव बदलून आना."

गाडीवान म्हणाला, "भाऊसाहेब, शेवटी सुतळीच होनार ना दोन्हीची?"

"शेवटी माती होती सगळ्यांची. म्हनून आत्ताच एका खड्ड्यात जायाचं का?"

एकनाथ दहातोंडे ते हेच. त्या दिवसात हे त्यांचं सगळ्यात लांब बोलणं होतं, हे मला मागाहून कळलं. आडनावात दहा तोंडं असलेला हा माणूस दिवसदिवस एका तोंडाचाही उपयोग करत नसे.

तेव्हा गावात शिरणाऱ्या मालावर नाक्यावरच जकात भरावी लागे. कुठल्या मालाला कुठला दर आणि कशाला माफी, हे दरपत्रकात छापलेलं असे. आम्ही बाकीचे कारकून गाडीकडे पाहायचो, गाडीवाल्याच्या तोंडाकडे पाहायचो आणि पावती फाडायचो. दहातोंडे मालाकडे पाहायचे. त्यातही धाग्याचा माल आला की त्यांचा चेहरा बदलायचा. ताग, अंबाडी, काथ्या, केकताडाचा वाख. खुर्चीमागच्या भिंतीवर खिळ्यांना एकेकाच्या लडी टांगलेल्या होत्या आणि प्रत्येकीला नावाची चिठ्ठी. नवा माणूस आला की त्याला वाटे, दहातोंड्यांनी नाक्यावर दोराचं दुकान घातलं आहे.

"आदी नाव ठरवायचं, मंग दर," ते मला म्हणाले. "लोक उलटं करत्यात. दर ठरवत्यात आनि तसं नाव शोधत्यात."

दरपत्रकातला 'तत्सम' हा शब्द त्यांच्या विशेष आवडीचा होता. 'दोर, दोऱ्या, दावी व तत्सम माल' असं एक कलम होतं. ते वाचताना 'तत्सम'वर बोट ठेवून थांबायचे. "वगैरे लिहितो तो आळशी मानूस. तत्सम लिहिनाऱ्यानं विचार केलेला असतो," असं त्यांचं मत होतं. ज्याने ते दरपत्रक लिहिलं त्याने ते दुसऱ्या कुठल्या तरी नगरपालिकेचं उतरवून काढलं होतं, हे मला ठाऊक होतं.

नाक्यावर ते कुणाच्या हातचं काही घेत नसत. चहा नाही, पान नाही, पाणीसुद्धा नाही. घरून पितळी तांब्या भरून आणायचे आणि तो दुपारपर्यंत पुरवायचे. गाडीवाले गुळाचा खडा पुढे करत, शेतकरी हरभऱ्याचा डहाळा टाकून जात. दहातोंडे तो उचलून गाडीत परत ठेवत. का, ते सांगत नसत. सांगायची त्यांना गरजच वाटत नसे. समोरच्याला आपोआप कळलं असेल, असं ते धरून चालायचे.

माझ्या येण्याआधीची त्यांची एक गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. दरपत्रकात 'ताग' होता, त्यावर जकात होती. आता ताग म्हणजे खरं तर बंगालकडचा, गिरण्यांच्या पोत्यांचा. पण आपल्याकडे शेतकरी रानात खताला पेरतो आणि कडेचा थोडा सोलून दोराला ठेवतो, त्यालाही तागच म्हणतात. नाव एक, झाड वेगळं. नाक्यावर वर्षानुवर्षं शेतकऱ्याच्या या तागालाही बंगालच्या तागाची जकात लागत होती आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. दहातोंडे आले आणि त्यांनी ती बंद केली. एका हातात रेशमासारखी चमकणारी सोनेरी लड आणि दुसऱ्या हातात आपली फिक्कट, खरखरीत लड घेऊन ते थेट मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलाशी गेले. म्हणाले, "ह्या दोन बहिनी न्हाईत, साहेब. नुसत्या एका नावाच्या बाया हायेत." साहेब हसले आणि त्यांनी सही केली. त्या वर्षी शेतकऱ्यांनी नाक्यावरून जाताना दहातोंड्यांना रामराम घातला. त्यांनी मान हलवली असेल, एवढंच.

पण हीच अचूकता दुसऱ्या बाजूनेही कापायची. त्यांचं गाव तिकडे पूर्वेला, शेवगावच्याही पुढे. घरची थोडी जिरायत, ती धाकटा भाऊ बघायचा. एकदा हा भाऊ बैलगाडी घेऊन आला. गाडीत नव्या दोरांची दोन वेटोळी होती. इथल्या एका विहिरीवाल्याला विकायची होती. दहातोंड्यांनी वेटोळं हातात घेतलं, पीळ पाहिला आणि पावतीपुस्तक उघडलं.

भाऊ म्हणाला, "दादा, आईनं वळलेत. तिच्या हातचे हायेत."

"कुनाच्या हातचे, ते कलमात न्हाई."

भावाने जकात भरली. जाताना त्याने आणलेली भाकरीची फडकी तशीच परत नेली. त्यानंतर तो गावात यायचा, पण दुसऱ्या नाक्यावरून. दहातोंडे गावात एका खोलीत एकटे राहत, स्वतःच्या भाकरी स्वतः थापत. आईच्या आजारपणाचं त्यांना गावातल्या तिऱ्हाइताकडून कळलं, असं नंतर ऐकलं.

आणि मग कोंडाबाई.

पलीकडच्या वाडीतल्या मातंग वस्तीतली दहा-बारा घरं वाखाचं काम करायची. बांधावरचं केकताड कापायचं, पाण्यात कुजवायचं, दगडावर बडवायचं, धुवायचं. त्या वासाने शेजारून जाणारा नाकाला पदर लावायचा आणि त्या रसाने कोपरापर्यंत हात खाजायचे. एवढं झाल्यावर जो पांढरा, लांब धागा हाती येतो तो वाख. बाया तो डोक्यावरून बाजाराला आणायच्या आणि बाजारातच बसून गिऱ्हाइकाला हवा तेवढा दोर वळून द्यायच्या. कोंडाबाई त्यांच्यातली पुढारी. पन्नाशीची, काटक, आवाज खणखणीत.

इथल्या रानच्या कच्च्या धाग्याला माफी होती. वळलेल्याला जकात. बाया वाटेत वाख गुंतू नये म्हणून लडींना एकेरी पीळ द्यायच्या. डोक्यावरचे भारे माझ्या आधीचा कारकून बघायचा, त्याने त्याकडे कधी पाहिलं नव्हतं. तो गेल्यावर एका बाजाराला दहातोंड्यांनी पाहिलं. लड हातात घेऊन ते म्हणाले, "पीळ हाय हिला. वळलेला माल."

"आवं भाऊसाहेब, ह्यो काय दोर हाय का? गुतू नये म्हनून नुसता येक येढा दिलाय."

"तत्सम," दहातोंडे म्हणाले.

कोंडाबाईने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग तिने भारा खाली उतरवला, नाक्यासमोरच्या धुळीत फतकल मारली आणि एकेका लडीचा पीळ सोडवायला घेतला. बाकीच्या बायाही बसल्या. उन्हं वर आली. वारा सुटला की मोकळा वाख उडायचा, पायात अडकायचा, बाभळीच्या काट्यांना लागायचा. त्या तो गोळा करायच्या. सगळा सोडवून झाल्यावर तिने तो विस्कटलेला भारा उचलून त्यांच्यापुढे धरला.

"आता?"

"आता कच्चा. जा."

त्यांनी रस्त्यावरचा आडवा बांबू वर केला. बाया बाजारात पोचल्या तेव्हा अर्धा बाजार उठला होता, आणि विकायच्या आधी त्यांना तो गुंता पुन्हा सोडवायचा होता.

पुढे हे दर बाजाराला होऊ लागलं. वाटेत पीळ द्यायचा, नाक्यावर सोडायचा, आत जाऊन पुन्हा द्यायचा. मी एकदा म्हणालो, "दहातोंडे, एवढं कशाला? जाऊ द्या की."

ते म्हणाले, "तिनं कायदा पाळला, पाठक. माझ्यापेक्षा चांगला पाळला." त्यांच्या आवाजात कौतुक होतं. तिला ते कधी ऐकू आलं नाही.

दुष्काळ वाढला तसा वाखही आटला. केकताड कुजवायला पाणी कुठलं? बाया हिरवं पान तसंच सुऱ्याने खरवडून धागा काढू लागल्या. हात फुटायचे. त्यात दाव्यांना गिऱ्हाईक उरलं नाही, कारण बांधायला जनावरंच उरली नव्हती. मागणी होती ती फक्त विहिरींच्या जाड दोरांना, कारण जो तो विहीर खोल करत होता आणि सरकारी कामांवरही दोर लागत होते.

ते दोर पुरवायचं काम माणिकशेठना मिळालं. शेठ म्हणजे नगराध्यक्षांचे मेहुणे. एके दिवशी भर दुपारी त्यांचा ट्रक नाक्यावर आला. कागदावर 'कच्चा तंतू' लिहिलं होतं. दहातोंडे ट्रकवर चढले, ताडपत्री वर केली. आत दंडाएवढे तिपेडी दोर होते, वेटोळ्यांवर वेटोळी.

"हे दोर हायेत," ते ड्रायव्हरला म्हणाले.

"कागद बघा ना साहेब."

"कागद कच्चा हाय. माल पक्का हाय."

ट्रक थांबला. तासाभरात शेठ स्वतः जीपमधून आले. चिडले नाहीत. हसत म्हणाले, "दहातोंडे, दुष्काळाचं काम आहे. लोकांच्या पाण्यासाठी चाललंय. तुम्ही अडवणार?"

"अडवत न्हाई. जकात भरा आनि न्या."

शेठ जीपमध्ये बसून गेले आणि संध्याकाळच्या आत मुख्याधिकाऱ्यांचा शिपाई लेखी हुकूम घेऊन आला. साहेब बदलले होते, हे नवे. हुकूम मी मोठ्याने वाचला. सदर मालावर रंग वा अन्य कोणतीही प्रक्रिया झालेली नसून केवळ पीळ देणे ही प्रक्रिया नव्हे, सबब वनस्पतिजन्य तंतूंचा असा सर्व माल कच्चा समजून माफी द्यावी.

दहातोंड्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला. मग पुन्हा वाचला. मला वाटलं, आता हा माणूस राजीनामा देईल नाहीतर ओरडेल. त्यांनी बांबू वर केला, ट्रक सोडला आणि खळ लावून तो हुकूम दारावर चिकटवला.

पुढच्या बाजाराला कोंडाबाई आणि बाया आल्या. सवयीने भारे उतरवून धुळीत बसल्या. दहातोंडे बाहेर आले.

"सोडू नका पीळ."

"का?" कोंडाबाईने संशयाने विचारलं.

"सोडू नका म्हनतो ना. जा तसंच. आनि पुढच्या खेपेला घरूनच दोर वळून आना. माफ हाय."

बाया एकमेकींकडे पाहत उठल्या. थोडं पुढे गेल्यावर एकीने मागे वळून पाहिलं, हा माणूस हाक मारतो की काय म्हणून.

मी म्हणालो, "हा हुकूम शेठसाठी होता, हे तुम्हालाही कळतंय."

"हुकमात शेठचं नाव न्हाई. 'असा सर्व माल' लिहिलंय."

"दहातोंडे, अंगाशी येईल."

"एकाच्या पिळाला पीळ म्हनायचं न्हाई आनि दुसरीच्या पिळाला म्हनायचं? कुठल्या कलमाखाली, ते दाखवा."

कलम नव्हतंच. पण तशी सोय असते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, एक दहातोंडे सोडून.

वाडीच्या बायांनी खरंच दोर आणायला सुरुवात केली. हाताने वळलेले, शेठच्या दुकानापेक्षा स्वस्त. दोन-तीन बाजार ते बरे खपले असतील. मग शेठची तक्रार गेली की नाक्यावर वळलेला माल बिनजकात सोडला जातो आणि कारकून त्याबद्दल दोर फुकट घेतो. दहातोंडे निलंबित झाले. दारावरचा हुकूम शिपायाने ओला करून, खरवडून काढला आणि नव्या कारकुनाने बायांना पुन्हा धुळीत बसवलं. महिनाभरात त्या यायच्याच बंद झाल्या. सरकारी कामावर खडी फोडायला गेल्या. शेठच्या दोरांना मग अडवणारं कोणी उरलं नाही, ना नाक्यावर, ना बाजारात.

चौकशी नगरपालिकेच्या सभागृहात झाली. जबाब उतरून घ्यायला मला बसवलं होतं. साक्षीला कोंडाबाईला बोलावलं होतं, खडीच्या कामावरची हजेरी बुडवून. सकाळपासून ती व्हरांड्याबाहेर उन्हात बसली होती. आत कोपऱ्यात माठ होता. दहातोंडे आरोपी म्हणून बाकावर बसले होते, तिथून ती दिसत होती.

चौकशी अधिकाऱ्याने विचारलं, "हे गृहस्थ तुमच्याकडून दोर फुकट घ्यायचे?"

"ह्यो मानूस?" कोंडाबाई म्हणाली. "दोर घिऊन काय करील? बांधाया कोन हाय त्याच्या दारात?"

कुणीतरी हसलं.

"पैसे, कोंबडी, अंडी, काही?"

"न्हाई. आमच्या हातचं पानी बी कवा घेतलं न्हाई त्यानं."

मी मान वर करून दहातोंड्यांकडे पाहिलं. ते काहीतरी बोलायला म्हणून बाकावरून अर्धवट उठले होते. अधिकाऱ्याने हाताने त्यांना बसवलं.

"मग जकात माफ का केली?"

"ते त्यालाच इचारा. आदी म्हनला पीळ सोडा, आमी सोडला. मंग म्हनला सोडू नका, न्हाई सोडला. दोनी येळंला कारन कुटं सांगितलं? आमच्याकडून घेतलं काई न्हाई, सायेब, ह्ये खरं. आनि दिलं बी काई न्हाई."

"दिलं नाही कसं? माफी दिली ना?"

"ती काय त्याच्या घरची हुती?"

एवढं बोलून ती अंगठा उठवायला टेबलाशी आली. तिची बोटं मी जवळून पाहिली. वाखाच्या रसाने काळवंडलेली आणि आता खडीने फुटलेली. ठसा नीट उमटेना. अधिकारी वैतागून म्हणाला, "असू द्या तसाच."

ती बाहेर पडली. दहातोंडे उठले, कोपऱ्यात गेले, माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि पेला घेऊन व्हरांड्यात आले. कोंडाबाई तोवर फाटकाबाहेर पोचली होती. तिला दुपारच्या हजेरीला तरी कामावर पोचायचं होतं. दहातोंड्यांनी हाक मारली, "बाई!" आवाज फार मोठा नव्हता. तिने ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही. ती थांबली नाही.

ते पेला धरून उभे राहिले. मग आत येऊन त्यांनी पाणी परत माठात ओतलं. ते दिवस पाणी सांडायचे नव्हते.

"पाठक," ते मला म्हणाले, "मी कुनाच्याच हातचं घेत न्हाई. तुमच्या हातचं तरी कवा घेतलं?"

"नाही घेतलं."

"तिला वाटलं, तिचंच घेत न्हाई." पेला माठावर उपडा ठेवत म्हणाले, "मी तरी सांगितलं कुठं हुतं."

लाच घेतल्याचं सिद्ध झालं नाही. मात्र वरिष्ठांच्या हुकमाचा हेतुपुरस्सर चुकीचा अर्थ लावून संस्थेचं नुकसान केलं, हे सिद्ध झालं. शिक्षा म्हणून त्यांची कोंडवाड्यावर बदली झाली. मोकाट जनावरं धरून ठेवायची, मालक आला की दंड घेऊन सोडायची. पण त्या वर्षी मालक यायचे ते जनावर सोडवायला नव्हे. पहाटे येऊन आपणच जनावर कोंडवाड्याच्या दारात सोडून जायचे, निदान इथे तरी काही खाईल या आशेने. कोंडवाड्यात वैरणीला मंजुरी नव्हती. मी एकदा गेलो तेव्हा दहातोंडे एका हाडकुळ्या गाईपुढे उभे होते. "हिला मोकाट म्हनायचं का सोडलेली, ह्ये विचारलंय साहेबांना," ते म्हणाले. "सोडलेलीला वैरन देता येती." उत्तर आलं का, असं मी विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. गाय त्या आठवड्यातच गेली.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला आणि त्याच सुमारास दहातोंडे निवृत्त झाले. माणिकशेठ तोवर नगराध्यक्ष झाले होते. निवृत्त होणाऱ्या सगळ्यांचा एकत्र सत्कार सभागृहात ठेवला होता. शेठनी एकेकाला शाल आणि नारळ दिला. दहातोंडे समोर आले तेव्हा त्यांनी शेजारी वाकून विचारलं, "हे कुठल्या खात्यातले?" कुणीतरी सांगितलं. शेठ हसून माइकवर म्हणाले, "दहातोंडे यांनी आयुष्यभर मुक्या जनावरांची सेवा केली." टाळ्या झाल्या. त्या हसण्यात काही लपवलेलं नव्हतं. शेठना खरंच हा माणूस आठवत नव्हता.

दहातोंडे माइकपाशी गेले. म्हणाले, "मी जकातीत हुतो." आणखी काही बोलतील म्हणून सभागृह थांबलं. ते खाली उतरू लागले.

मग फोटो. सत्कारमूर्तींनी शेठच्या दोन्ही बाजूंना उभं राहायचं होतं. दहातोंड्यांना हाताला धरून परत वर आणलं आणि कडेला उभं केलं. फोटोवाल्याने काळ्या फडक्याखालून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "कडेचे काका, जरा आत सरका. नाहीतर येत नाही तुम्ही."

दहातोंड्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग ते उलट बाहेरच्या बाजूला सरकले, पायऱ्या उतरले आणि खुर्च्यांमधल्या वाटेने, कुणाचाही धक्का लागू न देता, दाराबाहेर गेले. फोटोवाल्याने थोडं थांबून फोटो काढला.